वीजबिलातील कोणती ओळ कुणी ठरवली?

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या मासिक सभेत जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या सामाईक मीटरचे बिल वाचले जात होते, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सचिवांना मध्येच थांबवले. “हा दर आयोगाने ठरवला, असे तुम्ही म्हणता. पण त्या आयोगाला मते कुणी दिली? मतदान यंत्रावर मी तरी त्याचे बटण कधी पाहिले नाही.” सभेत हशा पिकला, चहा आला आणि विषय गच्चीच्या गळतीकडे वळला.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २८ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला, काही दिवसांतच महावितरणच्या विनंतीवरून त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये फेरविचार होऊन नवा आदेश निघाला. ज्यांच्या घरी दरमहा बिल येते त्यांना यातून एवढेच कळले की दर कमी झाले, मग झाले नाहीत, मग पुन्हा काहीतरी झाले. या तिन्ही कागदांवर कोणत्याही मंत्र्याची किंवा आमदाराची सही नव्हती. लोकशाहीत हे कसे चालते, आणि चालावे का, हे समजून घ्यायचे तर सुरुवात बिलापासूनच केलेली बरी.

एकाच बिलातील दोन सत्ता

महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार हे जोडणी असल्याचे भाडे असते आणि वीज वापरली नाही तरी ते द्यावे लागते. वीज आकार युनिटप्रमाणे लागतो, आणि घरगुती ग्राहकांसाठी त्याचे १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याची मजुरी म्हणजे वहन आकार. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज अपेक्षेपेक्षा महाग पडली, तर तो फरक ठरलेल्या सूत्राने इंधन समायोजन आकारात येतो. या चारही ओळींचे दर किंवा सूत्रे आयोगाच्या आदेशाने ठरतात.

पाचवी ओळ निराळी आहे. वीज शुल्क हा कर आहे, तो विधिमंडळाने केलेल्या कायद्याने लागू होतो आणि राज्याच्या तिजोरीत जातो. घरगुती ग्राहकांसाठी तो १६ टक्के आहे आणि वरच्या आकारांवर मोजला जातो, म्हणजे आयोगाने एक रुपया वाढवला की सरकारला आपोआप सोळा पैसे अधिक मिळतात. दरवाढीबद्दल एखादा नेता हळहळ व्यक्त करतो, तेव्हा मला हे सोळा पैसे आठवतात.

थोडक्यात, जी सत्ता आपण मतदानातून देतो तिची बिलात एक ओळ आहे आणि उरलेल्या ओळी नियुक्त माणसांच्या हाती आहेत. सभासदांचा प्रश्न या उरलेल्या ओळींबद्दल होता.

नियामक म्हणजे कोण, आणि प्रशासक म्हणजे कोण

नियामक संस्था म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने कायदा करून एखाद्या क्षेत्रावर देखरेखीसाठी उभी केलेली, आणि रोजच्या कामात मंत्रालयाच्या हुकमाबाहेर ठेवलेली संस्था. बँकांसाठी रिझर्व्ह बँक, शेअर बाजारासाठी सेबी, दूरसंचारासाठी ट्राय, घरबांधणीसाठी महारेरा आणि विजेसाठी विद्युत नियामक आयोग ही त्यांपैकी आपल्या ओळखीची नावे. राज्याचा वीज आयोग १९९९ मध्ये, १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार अस्तित्वात आला आणि आता तो २००३ च्या विद्युत कायद्याखाली काम करतो.

येथे ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचा एक गोंधळ होण्याचा संभव आहे. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर निवडणुका लांबल्या आणि दोन्ही शहरांचा कारभार काही वर्षे प्रशासकांनी पाहिला. प्रशासकही निवडून आलेला नसतो. परंतु तो लोकप्रतिनिधींच्या रिकाम्या खुर्चीवर बसतो आणि राज्य सरकारच्या आज्ञेत असतो. नियामकाची खुर्ची नगरसेवकाची किंवा आमदाराची कधी नव्हतीच, आणि सरकारच्या आज्ञेत नसणे हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. प्रशासकाच्या काळाबद्दल ज्या तक्रारी रास्त ठरतात त्या सरसकट नियामकाला लावल्या, तर निशाणा चुकतो.

नियामकाचे काम कबड्डीच्या पंचासारखे आहे, असे म्हणता येईल, पण पंचापेक्षा त्याच्याकडे अधिकार जास्त असतात. मैदान किती लांब-रुंद असावे हे तोच ठरवतो, खेळ चालू असताना शिट्टी तोच वाजवतो आणि भांडण झाले तर निवाडाही तोच देतो. नियम करणे, ते पाळले जातात की नाही हे पाहणे आणि तंटा सोडवणे ही तीन कामे एरवी विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांच्यात वाटलेली असतात. ती एका छपराखाली आली की कोणत्याही लोकशाहीवाद्याच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे.

मग दर मंत्र्यांनीच का ठरवू नयेत?

याचे पहिले उत्तर अगदी सरळ आहे. महावितरण ही सरकारच्या मालकीची कंपनी आहे. वीज विकणारे सरकार आणि विजेचा भाव ठरवणारे सरकार एकच असेल, तर पंच एका संघाचा कर्णधारही आहे, असे होईल. सामना कबड्डीचा असेल तर प्रेक्षक हे क्षणभरही खपवून घेणार नाहीत, आणि दुसऱ्या संघात तर महावितरणला वीज विकणाऱ्या खासगी कंपन्या आणि आपण ग्राहक आहोत.

दुसरे उत्तर महाराष्ट्राच्या आठवणीत आहे. आयोग येण्यापूर्वी दर राज्य वीज मंडळ ठरवत असे आणि मंडळ सरकारच्या शब्दाबाहेर नसे. निवडणूक जवळ आली की दरवाढ पुढे ढकलायची, तोटा मंडळाच्या खात्यात साचू द्यायचा आणि तो पुढच्या सरकारने पाहावा, ही रीतच होती. यात कुणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. ज्याला पाच वर्षांनी मते मागायची आहेत, त्याने पंचवीस वर्षे चालणाऱ्या वीजकेंद्राचा हिशेब पंचवीस वर्षांच्या नजरेने करावा, ही अपेक्षाच अवघड असते.

गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्प, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एन्रॉन, हे त्याचे ठळक उदाहरण. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने खरेदीचा करार केला. १९९५ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढच्याच वर्षी नव्या अटींवर तो पुन्हा जिवंत झाला, १९९९ मध्ये त्यातून वीज येऊ लागली आणि ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणेच थांबवले. नंतर माधव गोडबोले यांच्या समितीने या व्यवहाराची चिकित्सा केली. करार करणारे, तो मोडणारे आणि पुन्हा जोडणारे हे सर्वजण निवडून आलेल्या सरकारांतील होते, आणि दोन्ही बाजूंच्या सरकारांतील होते. आज कोणत्याही वितरण कंपनीला दीर्घ मुदतीची वीज घ्यायची असेल, तर तो करार आयोगापुढे ठेवून त्याची छाननी करून घ्यावी लागते. ती छाननी नेहमी कडक असते, असे मी म्हणणार नाही. पण सरकारच्या आज्ञेत नसलेला नियामक कागद वाचतो आणि त्यावर लेखी मत देतो, हे १९९३ मध्ये नव्हते.

गृहकर्जाच्या हप्त्याचेही असेच आहे. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये ज्यांनी बदलत्या व्याजाचे कर्ज काढून घर घेतले आहे, त्यांचा हप्ता किंवा मुदत रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे पैसे देते त्या दरावर, हलते. हा दर सहा जणांची समिती ठरवते, त्यांतील तीन बँकेचे असतात आणि तिघांना केंद्र सरकार नेमते. मात्र महागाई किती असावी हे लक्ष्य, म्हणजे ४ टक्के आणि त्याच्या वर-खाली २ टक्क्यांची मुभा, हे केंद्र सरकार ठरवून देते. बसने कोणत्या गावाला जायचे हे प्रवाशांनी ठरवावे, पण ब्रेकवर पाय चालकाचाच असावा, अशी ही विभागणी आहे. सलग तीन तिमाह्या लक्ष्य हुकले तर बँकेला सरकारला लेखी खुलासा द्यावा लागतो आणि २०२२ मध्ये ती वेळ आली होती. तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षांनी व्याजदर खाली ठेवण्याच्या आग्रहापायी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर एकामागून एक बदलले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील महागाई सरकारी आकड्यांनुसारच ८५ टक्क्यांवर गेली.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे १९४३ मध्ये त्या खुर्चीवर नियुक्तीने बसले. पुढे तेच अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले. त्यांनी दोन्ही खुर्च्या सांभाळल्या. दुसऱ्या खुर्चीवर असताना लोकांच्या भावनेसाठी राजीनामा देणे हे कर्तव्य ठरले, पण पहिल्या खुर्चीवरून कुणी लोकांच्या भावनेवर व्याजदर ठरवला असता तर तो दोष ठरला असता.

नियामकांवर वचक कुणाचा?

‘निवडून आलेले नाहीत, म्हणून कुणालाच बांधील नाहीत’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. वीज आयोगाच्या सदस्यांची निवड सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. सदस्याला पाच वर्षांची मुदत मिळते, त्याच पदावर पुन्हा नेमणूक मिळत नाही, आणि पद सोडल्यावर दोन वर्षे कोणतीही व्यावसायिक नोकरी करता येत नाही. पुन्हा नेमणूक नाही याचा अर्थ असा की नेमणाऱ्याला खूश ठेवण्याचे एक कारण तरी कमी झाले. आयोगाने केलेले विनियम, म्हणजे नियमावली, आणि वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. आमदार ते वाचतात का, हा वेगळा विषय आहे आणि तो आपण आपापल्या आमदारांना विचारावा.

खरा वचक मात्र कारणांचा आहे. मंत्र्याला ‘हे आमचे धोरण आहे’ एवढे म्हणून चालते, नियामकाला चालत नाही. निर्णय का घेतला हे त्याला लिहावे लागते, आणि लिहिलेले कारण न्यायालयात तपासले जाते. २०१५ च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीवर देशभर बंदी घातली. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. चालू फोन मध्येच तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने केला होता. तो आपल्या बाजूचा नियम असूनही मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण तो मनमानी आणि अपारदर्शक पद्धतीने केला, असे न्यायालयाला दिसले. ज्यांचे फोन पारसिकच्या बोगद्यात तुटत असत, त्यांना या निकालाचा राग आला असेल. माझ्या मते निकाल योग्यच होता, कारण आज ग्राहकाच्या बाजूने मनमानी चालवून घेतली, तर उद्या ती त्याच्या विरुद्ध चालेल.

वीज आयोगाच्या निर्णयाविरुद्ध दिल्लीतील अपिलीय न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जाता येते. सरकारही पूर्णपणे बाहेर नाही. सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत ते आयोगाला लेखी निर्देश देऊ शकते. एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर तेही करता येते, फक्त त्याचे पैसे तिजोरीतून आगाऊ भरावे लागतात. शेतीपंपांसाठी २०२४ मध्ये जाहीर झालेली मोफत वीज ही अशीच, सरकारी अनुदानाची गोष्ट आहे. मोफत देण्याचा अधिकार निवडून आलेल्यांकडेच राहिला आहे. कायद्याने फक्त एवढेच मागितले की खर्चाचा आकडा अर्थसंकल्पात दिसावा, तो वीज कंपनीच्या तोट्यात लपवू नये.

तरीही तक्रार खरी आहे

येथवर वाचून कुणाला वाटेल की लेखक आयोगांची वकिली करतो आहे. तसे नाही, आणि त्याचे कारण जनसुनावणीत बसल्यावर कळते. वीजदर ठरवण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकावे लागते आणि अशा सुनावण्या नवी मुंबईतही झालेल्या आहेत. मी एकदा गेलो होतो. पुढे आयोगाचे सदस्य, त्यांच्यासमोर कंपनीचे अधिकारी, वकील आणि सल्लागार, प्रत्येकापुढे खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या लावलेले जाडजूड खंड. महापे-रबाळे पट्ट्यातील उद्योजकांच्या वतीने बोलणारे तयारीने आले होते, कारण घरगुती आणि शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी जो भार उद्योगांच्या दरावर टाकला जातो, त्याचा त्यांना पै-पैचा हिशेब माहीत असतो. घरगुती ग्राहक म्हणून आलेले एक गृहस्थ हातात स्वतःचे एक बिल घेऊन उभे राहिले. ते पोटतिडकीने बोलले, पण त्यांच्या बोलण्यात कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेतील एकाही पानाचा क्रमांक नव्हता.

नियामक कह्यात जाणे, असे ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा लाच घेऊन होत नाही, असेच होते. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याकडूनच माहिती येते, त्याचीच भाषा कानावर पडते आणि हळूहळू त्याच्या अडचणी आपल्या वाटू लागतात. त्यात या आयोगांवर बहुधा निवृत्त सनदी अधिकारी येतात. उभी हयात सरकारी व्यवस्थेत काढलेल्या माणसाने सरकारी कंपनीला परक्यासारखे वागवणे अशक्य नाही, पण सोपेही नाही. २०२५ च्या आदेशाबाबत जी नाराजी होती ती याच ठिकाणची होती. पहिला आदेश जनसुनावणीनंतर आला, मग तो बदलताना ग्राहकांना त्याच तऱ्हेने का ऐकले नाही, असा आक्षेप घेतला गेला. दर किती असावा यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात, पण ज्याचे ऐकून निर्णय केला त्याला न ऐकता तो फिरवावा का, यावर मला दोन मते दिसत नाहीत.

सर्वांत अवघड आक्षेप पुढचा आहे. नियामक चुकला तर पाडायचे कुणाला? सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेने एका बांधकाम समूहाला दिलेले प्रचंड कर्ज हजारो बनावट खात्यांआड लपवले होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासण्यांतून ते वर्षानुवर्षे निसटले होते. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या खातेदाराला रिझर्व्ह बँकेविरुद्ध मत देण्याची सोय नव्हती, हे खरे आहे. मात्र त्याच बँकेचे संचालक मंडळ सभासदांनी निवडून दिलेले होते, कारण ती सहकारी बँक होती, हेही तितकेच खरे आहे. निवडून आलेले आणि नेमलेले असे दोन्ही पहारे तेथे झोपले होते. त्यानंतर २०२० मध्ये संसदेने कायदा बदलून सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले. चुकलेल्यालाच अधिक अधिकार देणे हा न्याय मला अजूनही पुरता पटलेला नाही, परंतु त्याऐवजी दुसरे काय करायला हवे होते हे विचारले तर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

उलट अधिकार कागदावर असून हात नसणे, हेही दिसते. मे २०१७ पासून महारेराकडे घर उशिरा मिळाल्याबद्दल व्याज देण्याचा आदेश काढण्याची ताकद आहे. पण विकासकाने पैसे दिले नाहीत तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावी लागते. म्हणजे नियामकाने निवाडा दिला तरी चेक हातात पडण्यासाठी फाईल पुन्हा त्याच सरकारी यंत्रणेच्या टेबलावर जाऊन बसते.

ग्राहकाच्या हाती काय आहे

बिल चुकले असेल तर आधी कंपनीकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. दरच मान्य नसेल तर वाट वेगळी आहे. कंपनी दरवाढीची याचिका दाखल करते तेव्हा वृत्तपत्रांत जाहीर सूचना येते, तिच्यात हरकती पाठवण्याची तारीख असते, आणि हरकत पाठवायला वकील लागत नाही.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पुढच्या सूचनेची वाट पाहिली आणि सामाईक मीटरच्या स्थिर आकाराबद्दल एक पानभर हरकत स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवली. आदेश निघाला तेव्हा आम्ही दोघांनी तो संगणकावर उघडला. आदेशात एकेका मुद्द्याखाली हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे, मग कंपनीचे उत्तर आणि शेवटी आयोगाचा निर्णय अशी मांडणी होती. बऱ्याच शोधानंतर त्यांचा मुद्दा सापडला. आयोगाने तो फेटाळला होता, आणि का फेटाळला ते काही ओळींत लिहिले होते. त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “यातले दुसरे कारण चुकीचे आहे.” मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला.